आपल्यात कसली लिखापढी

टूनगॅबी
सिडनी, ११ फेब्रुवारी २०२५

मिताली,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची रीत आहे. सध्या प्रेम शिल्लक नाही, म्हणून नुसता नमस्कार.

आज सकाळी पाळणाघरातली मुलं यायच्या आधी मी दार उघडलं, तर एक माणूस माझ्या लॉनमध्ये फळा ठोकत होता. फळ्यावर 'फॉर सेल', आणि खाली माझ्या स्वयंपाकघराचा भलामोठा फोटो. हा फोटो तू काढलेला आहेस. नवा ओटा झाला तेव्हा कौतुकाने काढला होतास. त्यात माझा कुकरसुद्धा दिसतोय. मी त्या माणसाला विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "यू आर द टेनंट, येह? नो वरीज, एजंट विल राइट टू यू."

टेनंट म्हणे! तुला फोन केला, वाजून वाजून बंद झाला. मेसेज केला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. म्हणून हे पत्र. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

तुला विसर पडला असेल तर आठवण करून देते. तीन वर्षांपूर्वीची अक्षय्य तृतीया. तुमच्या स्कोफिल्ड्सच्या नव्या घरी डब्यातला आमरस आणि पुऱ्या खाऊन आपण बसलो होतो. तू, प्रणव, त्याच्या आई म्हणजे आपल्या रेखाकाकू, आणि मी. प्रणव म्हणाला, "टूनगॅबीचं घर आम्ही तुलाच देणार, चारुता. दुसऱ्या कुणाला नाही." किंमतही तिथेच ठरली. बँक मला लगेच कर्ज देत नव्हती. पाळणाघर नवं होतं, आणि माझ्या निहारिकाचे बाबा ब्रिस्बेनला जाऊन तिकडेच रमल्यापासून माझ्या एकटीच्या उत्पन्नावर कोण भरवसा ठेवणार? म्हणून ठरलं की बँक हो म्हणेल तेव्हा घर माझ्या नावावर करायचं. तोवर मी भाडं नाही, तर तुमच्या कर्जाचा हप्ता भरायचा, कौन्सिलचे पैसे भरायचे, दुरुस्त्या करायच्या आणि घर आपलंच समजून राहायचं.

मी पर्समधून कागद काढला. म्हटलं, चार ओळी लिहून ठेवूया. काकू हसल्या. "अगं, कागद परक्यांशी करायचे. आपल्यात कसली लिखापढी?" असं म्हणून त्यांनी देवापुढचा नारळ आणि सुपारी उचलून माझ्या हातावर ठेवली. मी कागद परत पर्समध्ये टाकला. इतक्या जवळच्या माणसांपुढे तो काढल्याची मलाच लाज वाटली.

गेल्या महिन्यात बँक हो म्हणाली. पहिला फोन तुला केला. तू म्हणालीस, "वॉव, मस्त! प्रणवशी बोलून सांगते." हे का तुमचं सांगणं? युनिव्हर्सिटीत असताना एका खोलीत, एका गादीवर दोघी झोपलो. एवढ्या वर्षांनी तू माझ्या तोंडाला पानं पुसावीस?

फळा काढायला लावा.

चारुता

ता. क. फोटोतल्या कुकरला शिट्टी नाही. निदान शिट्टी लावून तरी फोटो काढायचा होतास.


टूनगॅबी
२० फेब्रुवारी

मिताली,

तुझं उत्तर आलं नाही. एजंटचं आलं. त्यात मला 'डिअर ऑक्युपंट' म्हटलंय, म्हणजे टेनंटवरूनही घसरले मी.

मी वकील केली आहे. कॅसल हिलला तिचं ऑफिस आहे, ऋतिका नाव. इथेच जन्मलेली, मराठी समजतं, बोलताना मात्र दर दोन शब्दांनी इंग्लिशकडे पळते. तिने वही उघडली आणि पहिला प्रश्न टाकला.

"सो आँटी, रायटिंगमध्ये काय आहे?"

"नारळ," मी म्हटलं.

"सॉरी?"

मग मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पेनचं टोपण लावलं. मला तेव्हाच कळलं की काही खरं नाही.

"लुक, तुम्ही मला ही खुर्ची तोंडी विकली ना, इट्स फाइन, दॅट्स अ काँट्रॅक्ट. कारसुद्धा चालेल. पण घर, जमीन, दॅट्स डिफरंट. ते रायटिंगमध्येच पाहिजे, आणि देणाऱ्याची सही पाहिजे. नाहीतर कोर्टात उभं करता येत नाही."

"पण का? शब्द दिला होता त्यांनी."

"बिकॉज पीपल लाय, आँटी. आणि जे लाय करत नाहीत ते विसरतात."

मी तिला ऐकवणार होते की आमच्यात शब्द म्हणजे शब्द असतो. मग आठवलं की आमच्यातही घर घ्यायचं तर रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन अंगठे उमटवावे लागतात, आणि माझे बाबा प्रत्येक व्यवहाराच्या वेळी म्हणायचे, विश्वास पानिपतात गेला. बाबांची लेक सिडनीत येऊन नारळावर घर घेऊन बसली!

पण एक फट आहे म्हणे. तोंडी शब्दावर विसंबून एखाद्याने खरोखर काही केलं असेल, आणि ते असं असेल की घर आपलं होणार म्हटल्याशिवाय कुणी करणारच नाही, तर कोर्ट ऐकून घेऊ शकतं. ओटा नवा केला, छप्पर शाकारलं, हे हौशी भाडेकरूही करतो. हप्ता भरला तर ते भाडंच होतं असं तुमचा वकील म्हणेल. "समथिंग अ टेनंट वुड नेव्हर डू," ऋतिका म्हणाली. "विचार करा."

मी म्हटलं, "वास्तुशांत केली."

"हाउसवॉर्मिंग? टेनंट्स डू दॅट."

"अगं, पार्टी नव्हे. होम केला. घराच्या आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे लाँड्रीत, टाइल उचलून खड्डा खणला आणि त्यात वास्तुपुरुष पुरला. तांब्याच्या डबीत, पालथा."

तिने टोपण परत काढलं. "यू बरीड अ गॉड. इन द लाँड्री. फेस डाउन."

"हो."

"आणि ओनर्सनी ऑब्जेक्ट नाही केलं?"

ऑब्जेक्ट कशाचं, मिताली! गुरुजी कुरकुरत होते, यजमान जोडपं पाहिजे, एकटी बाई कशी बसणार. मी म्हटलं, मग तू आणि प्रणव बसा, कागदावर घर तुमचंच आहे. तेव्हा तू कमरेला पदर खोचून गुरुजींना म्हणालीस, "घर हिचं आहे. संकल्प हिच्याच नावाने सांगा." गुरुजी मुकाट्याने माझं गोत्र विचारायला लागले. त्या दिवशी मला वाटलं होतं की सख्खी बहीण असती तरी एवढी भांडली नसती.

हे ऐकणारं तिथे कोण होतं, असं ऋतिकाने विचारलं. निहारिका तेव्हा अंगणात फोनवर होती. गुरुजी नाशिकला परत गेले, ते आता फोनही उचलत नाहीत. राहिल्या रेखाकाकू. अक्षता घेऊन माझ्या शेजारीच बसल्या होत्या. अक्षय्य तृतीयेचा शब्दही त्यांच्या समोर, हेही त्यांच्या समोर. ऋतिका म्हणाली, "देन शी इज युअर केस, आँटी."

तोवर तिने एक कॅव्हिएट टाकलंय. म्हणजे सरकारी नोंदीत लिहून ठेवायचं की या घरावर माझा हक्क आहे. ते असेपर्यंत तुम्हाला घर दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही. मी सही केली.

यापुढे तुझ्याशी जे बोलायचं ते लेखी, असं तिने बजावलंय. शॉर्ट अँड फॉर्मल. बघ किती शॉर्ट आहे.

चारुता


टूनगॅबी
४ मार्च

मिताली,

आज दुपारी प्रणव आला होता. तू पाठवलंस की न सांगता आला ते मला माहीत नाही.

आला तेव्हा मुलं झोपलेली होती. त्यामुळे आमचं सगळं भांडण कुजबुजत झालं. कुजबुजत भांडायला किती ताकद लागते ते भांडून बघ एकदा.

"कॅव्हिएट, चारुता? सीरियसली? आपण असे लोक आहोत का?"

"नाही. आपण लॉनमध्ये फळा ठोकणारे लोक आहोत."

"तुझ्याकडे प्रूफ काय आहे? सुपारी?"

"आणि तुझी आई."

तो मग म्हणाला, "आईला यात ओढू नकोस. प्लीज." हे 'प्लीज' मात्र त्याने मोठ्याने म्हटलं आणि छोटी कौमुदी जागी होऊन रडायला लागली. मी उठायच्या आत त्याने तिला उचललं, खांद्यावर टाकलं आणि थोपटत फेऱ्या मारायला लागला. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, पायात घरातल्या चपला, आणि आज मंगळवार. मी विचारलं, "तू ऑफिसला नाही गेलास?"

तो तिला थोपटतच म्हणाला, "ऑक्टोबरपासून घरीच आहे गं. पूर्ण टीमच काढली."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. दोन घरांची दोन कर्जं. शेजारच्या घरासकट आपला प्लॉट मागणारा बिल्डर. तो देतोय बरंच जास्त, पण कौन्सिलची परवानगी मिळाल्यावर, म्हणजे वर्ष लागेल नाहीतर दीड. फळा म्हणे त्याचा भाव वाढवायला. अडला हरी, दुसरं काय. कौमुदी झोपली तरी त्याने तिला खाली ठेवलं नाही.

मिताली, ऑक्टोबर! दिवाळीला तू माझ्याकडे चकल्या करायला आली होतीस. दुपारभर आपण सोऱ्या फिरवत बसलो. पार्रामाटातल्या सेलपासून निहारिकाच्या पिंपल्सपर्यंत सगळं बोललो, आणि नवऱ्याची नोकरी गेली हे तू बोलली नाहीस? मला फळ्याचा राग आला होताच. आता हा वेगळा आलाय, आणि तो फळ्यापेक्षा मोठा आहे. घर काय, ते विटामातीचं. पण तू मला परकी केलीस.

आता मी काय करू ते तूच सांग. तुझ्यासाठी रडू की तुझ्यावर दावा लावू? दोन्ही एकदम करून पाहिलं, जमत नाही.

कॅव्हिएट मी काढणार नाही. हे घर गेलं तर माझं नुसतं छप्पर जात नाही. पाळणाघराची परवानगी या पत्त्यावर आहे. नव्या भाड्याच्या घरात पुन्हा मालकाची मिनतवारी, पुन्हा कुंपण, पुन्हा तपासणी, आणि तोवर खायचं काय? निहारिकाला काल विचारलं, आपल्याला घर बदलावं लागलं तर? ती म्हणाली, "आय'म नॉट मूव्हिंग, ममा. यू प्रॉमिस्ड." मी तिला शब्द दिला होता, तुमच्या शब्दावर.

प्रणव जाताना ट्रायसिकलचं निखळलेलं चाक बसवून गेला. त्याला सांग, नीट बसलंय.

चारुता


टूनगॅबी
१३ मार्च

मिताली,

तुमच्या वकिलाची नोटीस मिळाली. तीन आठवड्यांत मी कोर्टाचा हुकूम आणला नाही तर माझं कॅव्हिएट आपोआप पडणार. ऋतिका तयारच बसली होती. म्हणाली, आता रेखाकाकूंचं स्टेटमेंट घेऊ, मी उद्याच त्यांना लेटर पाठवते.

पण त्याआधी काकूंचाच फोन आला. तुला माहीत आहे का, कोण जाणे. बहुतेक बाथरूममधून बोलत होत्या, नळ सोडल्याचा आवाज येत होता.

"चारू, मी खोटं बोलायची नाही हो. विचारलंस तर सांगेन. नारळ मीच दिला आणि लिखापढी नको असं मीच बोलले. माझ्याच तोंडाने हे झालंय. कोर्टात शपथ घ्यायला लावली तर घेईन. पण मग संध्याकाळी त्याच्याच समोर ताट घेऊन बसायचंय गं मला. या वयात मी दुसरीकडे कुठे जाऊ?" मग म्हणाल्या, "विचारू नकोस, एवढंच म्हणते. विचारलंस तर सांगेनच."

मी ऋतिकाला कळवलं, काकूंना लेटर पाठवायचं नाही. ती फोनवर अक्षरशः ओरडली. "आँटी, शी इज युअर ओन्ली विटनेस! डू यू वाँट धिस हाउस ऑर नॉट?"

हवंय. फार हवंय. इथल्या खिडकीशी उभं राहून मी एकटी जगायला शिकले. मला ते इतकं हवंय की गेले तीन आठवडे मी रोज घरभर फिरून भिंतींना हात लावते, वेड्यासारखी. पण आईला मुलाविरुद्ध उभं करून मिळालेल्या घरात माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. यात उदारपणा नाही. मी काही संत नाही, राग अजून पोटभर आहे. मला फक्त जमणार नाही.

तेव्हा आता स्वच्छ लिहिते. माझ्याकडे साक्षीदार नाही. वास्तुपुरुष आहे, पण तो पालथा आहे आणि बोलत नाही. कोर्टात गेले तर बहुधा हरेन. हे पत्र वाचून तुमचा वकील खूश होईल. होऊ दे. ऋतिकाला मी ते दाखवलेलं नाही.

आणि हे माझं म्हणणं. ठरलेली किंमत तीन वर्षांपूर्वीची आहे, तेव्हापासून सगळ्या टूनगॅबीचे भाव कुठे गेले ते मलाही दिसतं. बिल्डरचा आकडा मला या जन्मी झेपणार नाही. पण जुना आणि त्याचा यांच्यामधला, जुन्याकडे थोडा झुकलेला, बँक मला देईल, मी विचारून आले. बिल्डर परवानगी मिळाल्यावर देणार, मी सहा आठवड्यांत देईन. तुमच्या डोक्यावरचं एक कर्ज हिवाळ्याआधी उतरेल. आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवलाय.

नको असेल तर तसं लिही. पण तू लिही. वकिलाच्या हातून 'डिअर मॅडम' पाठवू नकोस.

चारू


स्कोफिल्ड्स
१८ मार्च

चारू,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. युनीत माझ्या घरची पत्रंसुद्धा तूच लिहायचीस. तरी बसलेय.

तुझी चारही पत्रं वाचली. पहिली तीन बाथरूममध्ये. (आमच्याकडे सध्या सगळं बाथरूममध्येच चालतं.) चौथं आलं तेव्हा आम्ही जेवत होतो. आईंनी विचारलं, कुणाचं गं पत्र? मला का कोण जाणे, लपवावंसं वाटलं नाही. मोठ्याने वाचलं. तुझा तो घास उतरणार नाही, तिथपर्यंत आले आणि आईंनी ताट बाजूला सरकवलं.

प्रणवला म्हणाल्या, "तिने मला विचारलं नाही. आता मी न विचारता सांगते. नारळ मी दिला. तू शेजारी बसून मान डोलावलीस. कोर्टाने बोलावलं नाही तरी मी जाईन. इथून ट्रेन जाते, मला स्टेशन माहीत आहे." प्रणव उठला आणि गाडी धुवायला गेला. स्वच्छ गाडी, चारू, सकाळीच धुतलेली. परत आला तेव्हा म्हणाला, "बिल्डरला नाही सांगतो. चारुताला सांग, आकडा चालेल." मग मी रडले आणि तोही.

आता नोकरीचं. मी तुला सांगणार होते. दिवाळीत, सोऱ्या माझ्या हातात होता तेव्हाच. तेवढ्यात तू म्हणालीस, "तुमचं बरं आहे बाई, सगळं मार्गी लागलंय." मग कसं सांगू? तुझ्यापुढे मी नेहमी सेटल झालेली मैत्रीण होते. तुला घर देणारी. ते मला सोडवेना. आणि मग बँकेने तुला हो म्हटल्याचा तुझा फोन आला, तू इतकी खूश होतीस, आणि इथे टेबलावर बिल्डरची ऑफर. एजंटच्या कागदावर मी सही केली. प्रणवने जबरदस्ती नाही केली. मी घाबरले आणि केली. एवढं तुला माहीत असायला हवं.

सॉरी हा शब्द फार छोटा आहे, तरी लिहिते. सॉरी, चारू.

एक मागते. या वेळी सगळं लिहून घे. ऋतिकाला सांग, पक्का कागद कर. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी उद्या परत घाबरले तर मला पळता येऊ नये.

मिताली


टूनगॅबी
३ एप्रिल

प्रिय मिताली,

काल ऋतिकाच्या ऑफिसात आपण दोघी शेजारी बसलो होतो, पण दोन वकील आणि एवढे कागद मध्ये असताना काय बोलणार? म्हणून आज लिहिते. आता सवय लागलीय.

मला वाटत होतं, एकच कागद असेल आणि सगळे त्याच्यावर सह्या करतील. तर सारख्याच दोन प्रती. एकीवर तुझी आणि प्रणवची सही, दुसरीवर माझी, आणि मग वकिलांनी त्या अदलाबदल केल्या. तुमच्या सहीची प्रत माझ्याकडे, माझ्या सहीची तुमच्याकडे. ऋतिका म्हणाली, "नाऊ इट्स रियल." तोवर जे झालं ते काहीच नव्हतं म्हणे, कायद्याच्या नजरेत. रेखाकाकूंना हे समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "बरं केलंत. माझ्या शब्दावर एवढं ओझं टाकायला नको होतं." मला त्यांचं बोलणं घरी येईपर्यंत पुरलं. आपण लिहायला लाजलो, कारण लिहिणं म्हणजे अविश्वास असं वाटलं. लिहिलं असतं तर तुझ्या नवऱ्याची नोकरी गेली त्या दिवशी तू सरळ माझ्याकडे येऊन रडली असतीस, आणि घराचं तिथल्या तिथे मिटलं असतं. नुसत्या मैत्रीने घर उचलायचं ठरवलं आपण. तिची कंबर मोडणार नाही तर काय?

राग सगळा गेलेला नाही. थोडा ठेवलाय, अडीअडचणीला असावा म्हणून. पण कॅव्हिएट काढलंय, आणि तो फळा काल प्रणवने स्वतः उपटला. पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं खेळ आहे. सोमवारच्या त्याच्या इंटरव्ह्यूचं काय झालं ते कळव. नाही झालं तरी कळव, मुख्य म्हणजे तेव्हा कळव.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल शेवटी ऋतिकाने मला सांगितलं, की इथल्या कायद्याप्रमाणे घेणाऱ्याला पाच दिवस मिळतात. कामाचे पाच दिवस. तेवढ्यात मन बदललं तर थोडा दंड भरून मागे फिरता येतं. विकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणजे काल सही केल्यापासून तू बांधली गेलीस आणि मी मोकळी. ती हे सांगत होती तेव्हा तू पेनाशी चाळा करत होतीस, आणि मग तुझा हात थांबला. मी तुझ्याबरोबर एका गादीवर झोपलेय, मला कळतं. तुला वाटलं, आता हिची पाळी. ही मला पाच दिवस टांगून ठेवेल.

खरं सांगू? एक क्षण मलाही वाटलं, ठेवावं. फळ्याचा बदला म्हणून, पाचच दिवस.

आज सकाळी ऋतिकाला फोन केला आणि विचारलं, हे पाच दिवस काढून टाकता येतात का? ती म्हणाली, येतात, तिने एक सर्टिफिकेट दिलं की झालं, मग मलाही मागे फिरता येणार नाही. "बट व्हाय वुड यू, आँटी? इट्स फ्री प्रोटेक्शन. तुमच्यासाठीच आहे ते."

मी म्हटलं, "तिने मला लिहून दिलंय, 'मला पळता येऊ नये'. मग मलाही पळता यायला नको."

ती म्हणाली, "फेअर इनफ." दुपारी सर्टिफिकेट तुमच्या वकिलाकडे गेलं. ते तुझ्यापर्यंत पोचायला उशीर होईल, म्हणून आधी माझ्या हाताने कळवते. आता तू जेवढी बांधलेली आहेस, तेवढीच मीही.

तुझी, आणि आता लेखी,
चारू